‘काय आणू?’ या प्रश्नाचा मागोवा

अमेरिकेत घरगुती जेवणाचं आमंत्रण आलं की पाहुणा पहिल्यांदा विचारतो, “काय आणू?” भारतातून नुकत्याच गेलेल्या मराठी माणसाला हे खटकतं. जेवायला बोलवायचं आणि भाजी त्यांनाच आणायला सांगायची? पण या प्रश्नाचा यजमानाच्या चिकटपणाशी काही संबंध नाही. त्यामागे बायकांच्या कष्टांचा मोठा इतिहास आहे आणि तो आदरानं पाहावा असा आहे.

एकोणिसाव्या शतकात एखाद्या शेतकऱ्याचं धान्याचं कोठार उभारायचं, तर आसपासची सगळी घरं मदतीला येत. पुरुष तुळया चढवत. एवढ्या माणसांचा स्वयंपाक एकट्या यजमानिणीकडून होणार कसा? म्हणून प्रत्येक घरची बाई काहीतरी रांधून आणी. हीच रीत चर्चमधल्या स्त्रियांच्या मंडळांनी उचलली. घरून आणलेल्या पदार्थांची सामुदायिक जेवणं त्यांनी घातली, त्यातून निधी उभा केला, पाककृतींची पुस्तकंही काढली.

शहरातल्या श्रीमंत घरांची तऱ्हा निराळी होती. एमिली पोस्ट यांचं शिष्टाचारावरचं गाजलेलं पुस्तक 1922 साली आलं, तेव्हा त्यातल्या मेजवान्या नोकरांच्या जिवावर चालत होत्या. पण नोकर मिळेनासे झाले होते. 1927 च्या आवृत्तीत पोस्ट यांनी ‘मिसेस थ्री-इन-वन’ आणली : स्वयंपाकीण, वाढपी आणि यजमानीण, तिन्ही एकच बाई. या पुस्तकातला सगळ्यात खरा बदल मला हाच वाटतो.

मात्र शिजवलेलं अन्न दुसऱ्याच्या घरी न्यायचं तर भांडंही तसं हवं. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग ग्लास कंपनीत उष्णता सोसणारी काच बनत होती, रेल्वेच्या कंदिलांसाठी. 1913 साली तिथल्या एका शास्त्रज्ञाची पत्नी बेसी लिटलटन यांचं मातीचं भांडं फुटलं. नवऱ्यानं बॅटरीच्या काचपात्राचा कापलेला तळ आणून दिला आणि त्यांनी त्यात केक भाजला. तो छान, एकसारखा भाजला गेला. 1915 मध्ये पायरेक्स बाजारात आलं. ओव्हनमधून काढा, झाका, तसंच शेजारी न्या, तसंच टेबलावर ठेवा. एका गृहिणीच्या प्रयोगातून हे घडलं, हे विसरू नये.

मग त्या भांड्यांत पदार्थही तसेच आले. मिनेसोटातल्या मंकेटो गावच्या ग्रेस लुथरन चर्चच्या स्त्रियांनी 1930 साली ‘हॉटडिश’ची कृती छापली : खिमा, कांदा, सेलेरी, मॅकरोनी, डब्यातले मटार, डब्यातलं टोमॅटो सूप. मंदीच्या त्या दशकात थोडक्यात पुष्कळांना पुरणारं अन्न लाखमोलाचं होतं. 1955 मध्ये कॅम्पबेल कंपनीत डोरकस रायली यांनी मशरूम सूप घालून फरसबीचं कॅसरोल बसवलं, ते आजही थँक्सगिव्हिंगला घरोघरी होतं.

प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या या जेवणाला पॉटलक म्हणतात. त्याचे नियम आजही या व्यवहारातूनच येतात. काय आणणार ते आधी कळवायचं, म्हणजे चार जणांकडून एकच सॅलड येत नाही. वाढायचा चमचा आपलाच न्यायचा. पदार्थात शेंगदाणे, अक्रोड असतील तर सांगायचं. भांड्याच्या तळाला नावाची चिकटपट्टी लावायची.

अमेरिकेतल्या मराठी घरांना ही रीत पटकन मानवली, कारण अंगतपंगत आपल्या ओळखीची होती. गणपतीच्या जेवणाला मसालेभात एकीकडून, कोशिंबीर दुसरीकडून येते. यादीत पुरुषांच्या नावापुढे मात्र अजूनही पुष्कळदा कागदी ताटं आणि कोल्ड्रिंक असतं. तिथे आता वरणाचं पातेलं आलं पाहिजे.