‘छोट्याशा विश्रांतीनंतर’ : प्रश्नमंजुषा, सूत्रसंचालक आणि जाहिराती

१/ स्पर्धकाचे उत्तर ‘लॉक’ झालेले असते. ते बरोबर की चूक, हे कळायला एक क्षण उरलेला असतो आणि नेमका तेव्हाच सूत्रसंचालक जाहिरातींची वेळ झाल्याचे सांगतो. प्रेक्षक चरफडतो, पण उठत नाही. हा विराम आणि तो जाहीर करणारा माणूस यांच्या नात्यामागे अमेरिकेतील एका मोठ्या फसवणुकीचा इतिहास आहे.

२/ १९५५ साली सीबीएस वाहिनीवर ‘द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ सुरू झाला. प्रायोजक होती रेव्हलॉन ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी. त्या काळी प्रायोजक केवळ जाहिरातीपुरते काही सेकंद विकत घेत नसे. बहुधा संपूर्ण कार्यक्रमावरच त्याचा वरचष्मा असे. कार्यक्रम रंगला की माल खपे. त्यामुळे तो रंगलाच पाहिजे, असा दबाव निर्मात्यांवर येई.

३/ १९५६ मध्ये एनबीसीवर ‘ट्वेंटी-वन’ आला. प्रायोजक होते ‘जेरिटॉल’ हे टॉनिक. पहिला भाग प्रामाणिकपणे खेळला गेला. स्पर्धकांची उत्तरे एकामागून एक चुकली आणि खेळ कंटाळवाणा झाला. प्रायोजक संतापला. निर्माता डॅन एनराइट याने त्यानंतर स्पर्धकांना उत्तरे आधीच पुरवण्याचा मार्ग पत्करला. कार्यक्रमाचा सूत्रसंचालक जॅक बॅरी हा त्याचाच व्यावसायिक भागीदार होता.

४/ हर्बर्ट स्टेम्पेल अनेक आठवडे जिंकत होता. पण प्रायोजकाला नवा, देखणा चेहरा हवा होता. १९५५ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कोणाला, या प्रश्नाचे उत्तर ‘मार्टी’ होते. तो स्टेम्पेलचा आवडता चित्रपट. तेच उत्तर चुकवण्याचा आदेश त्याला मिळाला आणि त्याने तो पाळला. त्याच्या जागी आलेला चार्ल्स व्हॅन डोरेन हा कोलंबिया विद्यापीठातील तरुण अध्यापक अमेरिकेचा लाडका झाला.

५/ १९५८ मध्ये बिंग फुटले. २ नोव्हेंबर १९५९ रोजी व्हॅन डोरेनने अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे कबुली दिली. विशेष म्हणजे, प्रश्नमंजुषेचा निकाल आधी ठरवणे हा तोवर गुन्हाच नव्हता. १९६० मध्ये दूरसंचारविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन तो गुन्हा ठरला.

६/ दुसरा परिणाम अधिक दूरगामी होता. कार्यक्रमांची सूत्रे वाहिन्यांनी आपल्या हाती घेतली. एकाच प्रायोजकाऐवजी अनेक जाहिरातदारांना थोडा थोडा वेळ विकण्याची पद्धत आधीच रुजू लागली होती. या प्रकरणाने तिला गती दिली. प्रेक्षकाला जाचणारा ब्रेक असा एका अर्थाने कुंपण ठरला: जाहिरातदाराची जागा कुंपणाच्या त्या बाजूला, खेळ या बाजूला.

७/ याच अविश्वासाच्या वातावरणात मर्व्ह ग्रिफिन नव्या प्रश्नमंजुषेच्या शोधात होता. त्याची पत्नी जूलॅन हिने सुचवले की स्पर्धकांना उघडपणे उत्तरेच द्यावीत आणि त्यांच्याकडून प्रश्न काढून घ्यावेत. जे पाप होते, तोच नियम झाला! ३० मार्च १९६४ रोजी ‘जेपर्डी’ एनबीसीवर सुरू झाला. सूत्रसंचालक आर्ट फ्लेमिंग १९७५ पर्यंत या पदावर होता.

८/ १९८४ मध्ये ‘जेपर्डी’ नव्याने अवतरला, तो अ‍ॅलेक्स ट्रेबेकसह. येथे ब्रेक हा खेळाचाच भाग आहे. अंतिम फेरीचा विषय जाहीर होतो, जाहिराती लागतात आणि त्या वेळेत स्पर्धक पणाला लावायची रक्कम ठरवतात. सूत्रसंचालकाला उत्तरे ठाऊक असतात, म्हणून खेळापूर्वी त्याची आणि स्पर्धकांची भेट होऊ दिली जात नाही. १९५०च्या दशकातील जखमेचा हा व्रण आहे.

९/ ब्रिटनमध्ये ‘हू वाँट्स टू बी अ मिलिअनेअर’ १९९८ साली आयटीव्हीवर आला. क्रिस टॅरंट उत्तर आणि निकाल यांच्या मधोमध ब्रेक घेई. कुंपणाचे आता शस्त्र झाले होते. हाच साचा ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ म्हणून स्टार प्लसवर आला. त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती ठरले.

१०/ संगीत, प्रकाशयोजना, आसनव्यवस्था हे सारे देशोदेशी जवळपास सारखेच होते. मग माणूस बदलला तर काय बिघडते? २००७ मध्ये अमिताभ बच्चन यांच्या जागी शाहरुख खान आले. त्या एका पर्वानंतर कार्यक्रम तीन वर्षे पडद्याआड गेला. २०१० मध्ये तो सोनी वाहिनीवर परतला, तेव्हा समोरच्या आसनावर पुन्हा बच्चनच होते.

११/ मराठीतही तेच वळण दिसते. २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकर, पुढे कलर्स मराठीवर स्वप्नील जोशी, २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळे आणि २०२१ मध्ये पुन्हा खेडेकर. वाहिनी बदलते, नावही ‘कोण होईल मराठी करोडपती’वरून ‘कोण होणार करोडपती’ होते. स्पर्धकाच्या समोर बसणारा माणूस मात्र त्याला आपला वाटावा लागतो.

१२/ ८ नोव्हेंबर २०२० रोजी ट्रेबेकचे निधन झाले. वारस म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये कार्यक्रमाचा कार्यकारी निर्माता माइक रिचर्ड्स याचेच नाव जाहीर झाले. जुन्या पॉडकास्टमधील त्याची आक्षेपार्ह विधाने उजेडात आली आणि अवघ्या एका दिवसाच्या चित्रीकरणानंतर, पाच भाग करून, त्याने ते पद सोडले.

१३/ पुढे हे पद मायिम बियालिक आणि केन जेनिंग्ज यांच्यात वाटले गेले आणि अखेर एकट्या जेनिंग्जकडे आले. तो निर्माता नव्हता, चित्रपटांतील तारा नव्हता. २००४ मध्ये याच मंचावर सलग ७४ खेळ जिंकलेला तो स्पर्धक होता. ज्या खेळाची अब्रू एकदा स्पर्धकांकरवी गेली होती, तिची राखण आता एका स्पर्धकाकडे आहे. अंतिम फेरीचा विषय तो वाचतो, जाहिराती सुरू होतात आणि तीन स्पर्धक आपापला आकडा लिहायला घेतात.