सोरायसिसचे इंजेक्शन मध्येच का सोडावे लागते?

सोरायसिससाठी बायोलॉजिक इंजेक्शन सुचवले की तुमचा पहिला प्रश्न असतो, "साइड इफेक्ट होतील का?" या प्रश्नाला इतिहास आहे.

2001 मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या 70 रुग्णांना टीबी झाल्याची माहिती प्रसिद्ध झाली. बहुतेकांना संधिवात होता. शरीरात दबून बसलेले टीबीचे जंतू औषधामुळे जागे झाले होते. पुढे 2003 मध्ये सोरायसिससाठी आलेले इफॅलिझुमॅब, मेंदूच्या दुर्मिळ संसर्गामुळे 2009 मध्ये बाजारातून काढून घेतले गेले. 2013 मध्ये बेंगळुरूच्या बायोकॉनने भारतात इटोलिझुमॅब आणले.

ब्रिटनमध्ये 2007 पासून अशा रुग्णांची नोंद ठेवली जाते. वेगवेगळ्या देशांच्या अभ्यासांत स्त्रियांना औषध सोडावे लागण्याचे प्रमाण जास्त दिसले. तरी एकट्या रुग्णाबद्दल नेमके भाकीत अजून करता येत नाही.

टीबीचा धोका मात्र आधी शोधता येतो. आपल्याकडे टीबी भरपूर. म्हणून सुप्यात राहा की पुण्यात, इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे, टीबी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी करून घ्या. घरात कुणाला टीबी झाला असेल तर लपवू नका. नंतर ताप, खोकला आला किंवा वजन घटले, तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना दाखवा. औषध थांबवायचे की बदलायचे, ते त्यांच्याशी बोलूनच ठरवा.