उल्हासनगर : एका चित्राचे नाव

सुधीर पटवर्धन यांच्या २००१ सालच्या एका चित्राचे शीर्षक 'उल्हासनगर' असे आहे. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या एका चित्राचे नाव 'लोअर परळ'. या दुसऱ्या नावाचे कोणाला नवल वाटणार नाही. गिरण्या, चाळी, १९८२चा संप आणि नारायण सुर्वे यांची कविता यांनी त्या परिसराला मराठी मनात आधीच एक वजन दिलेले आहे. उल्हासनगरचे तसे नाही. मराठी बोलण्यात हे नाव येते ते बहुधा नकली मालाच्या विनोदात. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद इथे अध्यापन करणाऱ्या आम्हा मंडळींना चर्चासत्रांतून हमखास ऐकवला जातो, आणि ऐकवणाऱ्याला तो दर वेळी नवा वाटतो. ज्या गावाला वाङ्मयात फारशी जागा मिळालेली नाही त्याचे नाव एका महत्त्वाच्या चित्रकाराने कॅनव्हासला द्यावे, याची आपल्या साहित्यव्यवहाराने घेतली तेवढी दखल पुरेशी नाही.

पटवर्धन या परिसरात पाहुणे म्हणून आलेले नव्हते. १९४९मध्ये पुण्यात जन्म, तिथेच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण, १९७३मध्ये मुंबईत आगमन आणि १९७५पासून २००५पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय. दिवसा माणसांच्या हाडांच्या सावल्या तपासणारा हा डॉक्टर उरलेल्या वेळात त्याच माणसांची शरीरे रंगवीत होता. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७), 'ट्रेन' (१९८०), 'ओव्हरब्रिज' (१९८१) ही नावेच पाहावीत. मध्य रेल्वेने रोज प्रवास करणाऱ्याला त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

त्यांच्या सुरुवातीच्या काळातील भूमिकेत एक आकांक्षा स्पष्ट दिसते. ज्या श्रमिक माणसांना आपण रंगवतो त्यांना ती आकृती पाहून स्वतःची ओळख पटावी, ती त्यांची स्वप्रतिमा व्हावी. समीक्षेत या आकांक्षेची चर्चा आशयाच्या अंगाने पुष्कळ झाली. मला मात्र ती एका साध्या, जवळजवळ गद्य प्रश्नापाशी आणून सोडते. ओळख पटण्यासाठी चित्र आधी दिसावे लागते. ते कुठे दिसते?

पटवर्धनांचे पहिले एकल प्रदर्शन १९७९मध्ये दिल्लीत इब्राहिम अल्काझी यांच्या आर्ट हेरिटेजमध्ये भरले. १९८१च्या 'प्लेस फॉर पीपल' या प्रदर्शनात भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी यांच्यासह ते सहभागी झाले. ते प्रदर्शन मुंबईत आणि दिल्लीत झाले. शीर्षकात 'पीपल' होते, आणि त्या पीपलांतील बहुतेकांच्या पासची हद्द कल्याणपलीकडे सुरू होत होती. हा दोष चित्रकारांचा नव्हे. चित्र रंगवले जाते एका ठिकाणी. ते पाहिले, विकत घेतले आणि जपले जाते दुसऱ्या ठिकाणी. या अंतरालाही एक इतिहास आहे.

तो इतिहास आमच्या पट्ट्यापुरता बराच मागे नेता येतो. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांचे. तिथला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा, मुम्मुणिराजाच्या काळातला. १८६८मध्ये प्राचीन वास्तूंच्या प्रतिकृती करण्याची सरकारी योजना आली तेव्हा मुंबई इलाख्यात या मंदिराची निवड झाली. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील मंडळी अंबरनाथला आली, त्यांनी मोजमापे घेतली, रेखाटने केली, शिल्पांचे प्लास्टरचे साचे काढले. कलाशाळा १८५७ची, म्हणजे तेव्हा जेमतेम अकरा वर्षांची. मंदिराची रेखाचित्रे १८७४मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'त प्रसिद्ध झाली आणि अभ्यासकांच्या टेबलावर पोहोचली. दगड जागेवर राहिला, प्रतिमा गावाबाहेर गेली. गंमत अशी की, उल्हासनगरला नकला करणारे गाव म्हणून हिणवण्याच्या कितीतरी आधी, शेजारच्या अंबरनाथला सरकारनेच खर्च करून नकला करवून घेतल्या होत्या. त्या नकलांना मात्र आपण कलेतिहासाची साधने म्हणतो.

मुंबईतील आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात निर्वासितांचे स्थान मोठे आहे. १९४७च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपला जे पहिले जाणकार पाठीराखे लाभले, त्यांत नाझी राजवटीमुळे युरोप सोडावा लागलेली माणसे होती : 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रूडी फॉन लायडन, संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर. त्यांच्या दिवाणखान्यांत रझा, हुसेन, सूझा यांची चित्रे पाहिली गेली, त्यांवर वाद झाले, ती विकत घेतली गेली. त्याच सुमारास कल्याणजवळच्या लष्करी बराकींमध्ये फाळणीने सिंधमधून उखडलेली सुमारे लाखभर माणसे येऊन राहिली होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या छावणीचे उल्हासनगर असे नामकरण केले. निर्वासितपण दोन्हीकडे होते. एकांच्या सामानात व्हिएन्नातली अभिरुची आणि इथे आल्यावर लाभलेला प्रतिष्ठितांचा परिचय होता. दुसऱ्यांना बराकीचा अर्धा कोपरा आणि दुसऱ्या दिवशी विकायला बसण्याची जागा शोधायची होती. या तुलनेत कोणाला कमी लेखण्याचा हेतू नाही. श्लेसिंजरांसारख्यांनी चित्रे घेतली नसती तर आपण आज ज्यांना थोर म्हणतो त्यांतले काहीजण कदाचित टिकलेच नसते. पण संग्राहक होण्यासाठी आधी भिंत लागते, हे कॅम्प नंबर तीनमधल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

१९५२मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली, १९६३मध्ये तिच्याच इमारतीत केकू आणि खोर्शेद गांधी यांची गॅलरी केमोल्ड आली, आणि काळा घोडा हा परिसर चित्रव्यवहाराचे केंद्र म्हणून पक्का झाला. तिथून अंबरनाथ साठेक किलोमीटर, बदलापूर त्याहून आठ अधिक. घरे परवडतात म्हणून बदलापुरात येऊन राहिलेले चित्रकार आज पुष्कळ आहेत. कापडात गुंडाळलेला कॅनव्हास घेऊन लगेजच्या डब्यात उभा असलेला तरुण इकडे अपरिचित नाही. तो पहाटेच्या गाडीने निघतो, कारण नंतर चित्रालाच काय, माणसालाही जागा मिळत नाही.

हे अंतर कमी करण्याचा एक गंभीर प्रयत्न पटवर्धनांनीच केला. २००८मध्ये त्यांनी योजलेले 'विस्तारणारी क्षितिजे' हे फिरते प्रदर्शन समकालीन भारतीय चित्रकारांच्या मूळ कृती घेऊन नागपूर, अमरावतीसारख्या शहरांत गेले. छापील चित्रांवर वाढलेल्या कलाशिक्षकांना रंगाचा थर डोळ्यांनी पाहता आला. पाठबळ होते बोधी आर्ट या दालनाचे. त्याच वर्षी जागतिक मंदी आली आणि पुढच्या वर्षात बोधीने आपली दालने आवरती घेतली. चित्रांच्या किमती आकाशाला भिडल्या तेव्हा अमरावतीला चित्र जाऊ शकले, आणि किमती कोसळल्या तशी त्या वाटेची शाश्वतीही गेली. लोकाभिमुख प्रदर्शनाची दोरी बाजाराच्या हाती असणे ही गोष्ट मला तेव्हाही खटकली होती. सरकारच्या हाती ती कधी फारशी आलीच नाही, हेही नोंदवले पाहिजे.

२०१९च्या नोव्हेंबरात मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नॅन्सी अदजानिया यांनी योजलेले पटवर्धनांचे सिंहावलोकनी प्रदर्शन सुरू झाले. आम्ही काही विद्यार्थ्यांना घेऊन गेलो. परतीच्या गाडीत दादर ओलांडल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, अशी चित्रं आपल्याकडे का नाही आणत?" मी विमा, आर्द्रता, पहारा, प्रकाशयोजना अशी यादी सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "मंदिराजवळ फेस्टिव्हल भरतो तेव्हा तर एवढी माणसं येतात." अंबरनाथच्या शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हलबद्दल ती बोलत होती. गाण्याला जमलेली गर्दी तिथल्या चित्रांच्या मांडणीपाशीही रेंगाळते, हे मीही पाहिले होते.

पुढच्या सत्रात आम्ही पुस्तकातल्या 'उल्हासनगर'ची रंगीत प्रत काढून वर्गात आणली. ती स्टेशनबाहेरच्या दुकानात काढलेली. मुले तास संपल्यावरही तिच्याभोवती उभी होती, आणि आपला कॅम्प कुठल्या बाजूला येईल यावर त्यांचे सिंधी-मराठीत भांडण चालले होते.