शिकागोच्या कत्तलखान्यांतील जायबंदी हात

१८६५ सालच्या नाताळच्या दिवशी शिकागो शहरात 'युनियन स्टॉक यार्ड' हा गुरांचा प्रचंड बाजार सुरू झाला. आर्मर, स्विफ्ट अशा कंपन्यांनी त्याच्या आसपास मांसाचे कारखाने थाटले. तेथे टांगलेले जनावर एका कामगारापुढून दुसऱ्यापुढे सरकत जाई आणि प्रत्येकजण दिवसभर एकच घाव घालीत राही. मोटारी बांधण्याची फिरती साखळी आपल्याला शिकागोच्या ह्या पद्धतीवरून सुचली, असे हेन्री फोर्ड ह्यांनी पुढे नमूद केले आहे.

ह्या साखळीचा वेग मात्र कामगाराच्या स्वाधीन नव्हता. पायांखाली रक्ताने व चरबीने निसरडी झालेली फरशी, शेजाऱ्याची सपासप चालणारी सुरी, मांस बारीक करणारी आणि डब्यांचे पत्रे कापणारी यंत्रे! बोट तुटणे ही तेथे बातमी नव्हती. कामगार प्रथम आयरिश व जर्मन, नंतर पोलिश, लिथुएनियन, स्लोव्हाक असे परदेशांतून आलेले. त्यांतील बहुसंख्य कॅथलिक. भाषेगणिक त्यांची निराळी चर्चमंदिरे त्या धुरकट वस्तीत उभी राहिली.

हात गमावलेल्या माणसाने न्यायालयात जावे, तर मालकाच्या हाती तीन ढाली असत. कामगाराने स्वतः थोडीही हयगय केली असल्यास त्याचा दावा बुडे. अपघात सहकाऱ्याच्या चुकीने घडला असल्यास मालक मोकळा होई. आणि धोका ठाऊक असताना नोकरी पत्करली म्हणजे तो धोकाही पत्करला, असे कायदा मानी. पोटासाठी आलेल्या माणसापुढे दुसरी कोणती निवड होती, हा प्रश्न विचारण्याची त्या कायद्यास गरज वाटली नाही.

१९०४ साली अप्टन सिंक्लेअर हा तरुण लेखक सुमारे सात आठवडे ह्या वस्तीत राहिला. त्याची 'द जंगल' ही कादंबरी १९०६ साली प्रसिद्ध झाली, ती अमेरिकेच्या कामगारांना अर्पण केलेली. वाचक हादरले खरे, पण आपल्या ताटातील मांसाच्या घाणीने! ३० जून १९०६ रोजी मांस-तपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे संमत झाले. कामगारांच्या हातांविषयी त्यांत काही नव्हते. आपण लोकांच्या हृदयावर नेम धरला, पण घाव पोटावर बसला, अशी खंत सिंक्लेअरने बोलून दाखविली. मला त्या वाचकांचा राग येत नाही. आपणही जेवताना स्वयंपाकघरातल्या भाजलेल्या हाताकडे क्वचितच पाहतो.

भरपाईचा कायदा इलिनॉय राज्याने १९११ साली केला. आता दोष कोणाचा हे सिद्ध करावे लागेना. मात्र त्याच्या मोबदल्यात कामगाराने मालकावर दावा लावण्याचा हक्क सोडायचा होता. पुढे तर बोट, तळहात, डोळा ह्यांची किंमत आठवड्यांच्या मजुरीत मोजणारी कोष्टकेच आली. न्यायापेक्षा हा हिशेब अधिक होता. तरी विधवेच्या पदरात काही पडू लागले.

संघटनेचे बळ यावयास १९३९ साल उजाडले. त्या जुलै महिन्यात शिकागोचे सहाय्यक बिशप बर्नार्ड शील हे कामगारपुढारी जॉन लुईस ह्यांच्याबरोबर जाहीर सभेच्या व्यासपीठावर आले. कॅथलिक कामगारांच्या मनातील भीती त्यामुळे किती ओसरली असेल! पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ सालच्या 'रेरुम नोवारुम'मध्ये कामगारसंघांनी अपघात, आजारपण व वार्धक्य ह्यांसाठी निधी उभारावा, असे सुचविले होतेच.

शिकागोचा बाजार १९७१ साली बंद पडला. कारखाने तत्पूर्वीच गुरांच्या मुलखात, खेड्यापाड्यांकडे सरकले होते. तेथे संघटना दुबळ्या आणि साखळी अधिक वेगवान! १९८७ साली नेब्रास्कातील डकोटा सिटी येथील 'आयबीपी'च्या कारखान्यात हजारावर दुखापती नोंदवहीत घेतल्याच नव्हत्या, असा ठपका सरकारी सुरक्षा खात्याने ठेवला आणि २५.९ लाख डॉलर दंड प्रस्तावित केला. तडजोडीत तो पुष्कळच घटला. त्याच सुमारास खात्याचे लक्ष एका निराळ्या इजेकडे वळले. तीत रक्त सांडत नाही, बोट तुटत नाही. तोच घाव दिवसातून हजारो वेळा घातल्याने मनगटातील शीर दबते, बोटे बधिर होतात आणि रात्री झोप लागत नाही. १९९० साली खात्याने मांस-कारखान्यांसाठी ह्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या पाळणे मात्र सक्तीचे नव्हते.