कललेले रोप आणि उजेडाची बाजू



शहरातली अंगणे गेली आणि रोपे घरात आली. खिडकीच्या कट्ट्यावर, टेबलाच्या कोपऱ्यात, आणि आता तर एलईडीच्या पट्टीखाली टोमॅटोची, मिरचीची रोपे वाढवणारी माणसे आपल्याला जागोजाग भेटतात. बी रुजते, दोन पाने फुटतात, आणि थोड्याच दिवसांत रोप लांबुळके व फिकट होऊन एका बाजूला कलते. घरातले जाणते म्हणतात, बीच अशक्त निघाले. मग कोणी काडी रोवतो आणि दोऱ्याने रोप ताठ बांधतो. एकदोन दिवसांनी पाहावे तर शेंडा पुन्हा त्याच बाजूला वळलेला!

या साध्या घटनेचा उलगडा कोणी केला आणि त्याला किती वर्षे लागली, तो इतिहास आम्हाला आज आपल्यापुढे ठेवायचा आहे. आम्ही वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर उरलेल्या वेळात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकांवर. तरी या इतिहासात आमच्या नित्याच्या कामाला उपयोगी असे पुष्कळ सापडले, म्हणून हे धाडस.

रोप उजेडाकडे वळते हे शेतकऱ्याला आणि माळ्याला पूर्वापार ठाऊक होते. पण त्याला उजेड कळतो कुठे, आणि ते वाकते कुठे, असे दोन निराळे प्रश्न नीट मांडले ते चार्ल्स डार्विनने. १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवरचे त्याचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा त्याचे वय ७१ होते. मुलगा फ्रान्सिस त्याचा साहाय्यक होता आणि केंट परगण्यातील डाउन गावचे राहते घर हीच प्रयोगशाळा होती.

साधने पाहिली तर आपल्यापैकी कोणालाही जमावीत अशी. कॅनरी पक्ष्यांना ज्याचे दाणे घालतात त्या गवताचे कोवळे कोंब त्यांनी घेतले. काही कोंबांच्या टोकांवर कथलाच्या वर्खाच्या टोप्या घातल्या. ते कोंब उजेडाकडे वळले नाहीत. टोपी पारदर्शक काचेची असली तर मात्र वळत. मग त्यांनी उलट बाजूने पडताळा घेतला. कोंबाचा खालचा भाग बारीक काळ्या वाळूत पुरला आणि टोक तेवढे उघडे ठेवले, तरी कोंब वाकला. म्हणजे उजेड कळतो टोकाला आणि वाकतो तो खालचा भाग. टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे, असे अनुमान पितापुत्रांनी काढले.

जर्मनीत वुर्झबुर्गचे युलियुस सॅक्स हे त्या काळचे या शास्त्रातले थोर आचार्य. फ्रान्सिस त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करून आलेला. सॅक्सना या पुस्तकातले प्रयोग पसंत पडले नाहीत व त्यांनी त्यांवर कडक टीका केली. डार्विन हा सुखवस्तू गृहस्थ होता, त्याला पोटासाठी राबावे लागले नाही, हे आम्ही विसरत नाही. पण घरच्या फडताळातल्या वर्खाने केलेला पडताळा पुढे खरा ठरला, ही गोष्ट आमच्यासारख्या घरी शिकलेल्यांना धीर देणारी आहे.

पुढची वाट तुकड्यातुकड्याने उमगली. डेन्मार्कच्या बॉयसेन-येन्सेन याने १९१० ते १९१३ या काळात कोंबाचे टोक कापले, मध्ये जिलेटिनचा थर देऊन ते पुन्हा बसवले, आणि निरोप तरीही पोचला. सावलीच्या बाजूला अभ्रकाची चकती खुपसली की तो अडे. हंगेरीच्या पाल याने १९१९ साली दाखवले की अंधारातसुद्धा कापलेले टोक एका कडेला सरकवून ठेवले तर कोंब दुसऱ्या बाजूला वाकतो. मग १९२६ साली हॉलंडमधील उट्रेक्ट येथे फ्रित्स व्हेंट या तरुणाने टोकातला रस अगरच्या चौकोनी वड्यांत उतरवला. नुसती वडी ओटच्या छाटलेल्या कोंबावर एका कडेला ठेवली, तरी कोंब वाकला! व्हेंटची त्या दिवसांत लष्करातली नोकरी चालू होती. दिवसा ती करायची आणि रात्री वडिलांच्या प्रयोगशाळेत जागायचे, असा त्याचा क्रम होता. पाळी संपवून रात्रशाळेत बसणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

या रसाला ऑक्सिन असे नाव पडले. १९३४ साली त्यातले मुख्य द्रव्य उट्रेक्टच्याच रसायनज्ञांनी वेगळे काढले, तेही माणसाच्या मूत्रातून. रोपाच्या एका अंगावर उजेड पडला की ऑक्सिन सावलीच्या अंगाला अधिक जमते. त्या अंगाच्या पेशी जास्त लांबतात आणि रोप उजेडाकडे झुकते. निळा उजेड टिपणारे प्रथिन कोणते, याचा जनुक सापडायला मात्र १९९७ साल उजाडले. अमेरिकेत मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रोपावर ते काम झाले.

घरातल्या दिव्याचा इतिहासही डार्विनच्याच वर्षाशी येऊन मिळतो. १८८० सालीच विल्यम सीमेन्स याने विजेच्या प्रखर दिव्याखाली रोपे वाढवून तो प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. सूर्याचे काम दिव्याने करता येते हे तेव्हा दिसले. सूर्य मात्र आकाशभर फिरतो. आपण टांगलेला दिवा जिथे टांगला तिथेच राहतो, आणि रोपाचे कलणे सुरू होते ते तिथून.

आता उपाय. प्रथम दिवा बाजूने काढून रोपाच्या बरोबर डोक्यावर आणावा. ट्यूब असेल तर ती शेंड्यापासून वीतभर ठेवावी. प्रखर एलईडी असल्यास आणखी उंच धरावा. शेंड्याच्या उंचीवर हात धरून चटका लागत नाही ना, ते पाहावे. रोज १४ ते १६ तास उजेड द्यावा आणि रात्री विश्रांती. खिडकीतली कुंडी रोज पाव फेरा फिरवावी. टोमॅटोचे लांबलेले रोप दुसऱ्या कुंडीत लावताना खालच्या पानांपर्यंत मातीत बसवावे. त्याच्या खोडालाही मुळे फुटतात. काडीचा आधार द्यायचा तर सैल द्यावा व थोडे दिवस द्यावा. रोज शेंड्यांवरून हलका हात फिरवावा किंवा मंद पंखा लावावा. हलणाऱ्या रोपाचे खोड आखूड व दणकट होते, हे अमेरिकेच्या मार्क जॅफे याने १९७३ साली दाखवले आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खालचे जून झालेले खोड जिथे वाकले तिथे वाकलेलेच राहते. दिवा डोक्यावर आला की नवी वाढ तेवढी सरळ येते. म्हणून दिवा हलवायचा तो लवकर. खोड जून झाल्यावर त्याला ओढून सरळ करू गेलो तर ते मोडते.

आमच्या कामात नवा मुलगा कारखान्यात लागतो आणि महिन्याभरात त्याच्याविषयी ऐकू येते, तो वाकडा आहे, त्याला वळण नाही. मग त्याला दोरीने बांधण्याचे नाना प्रकार सुरू होतात. आम्ही आधी विचारतो, याच्या खोलीला खिडकी कोणत्या बाजूला होती? पुस्तक, पगार, शाबासकी हा उजेड याला कोणीकडून मिळाला आणि कोणत्या बाजूने मिळालाच नाही? ज्या अंगाला अंधार होता त्याच अंगाने तो अधिक ताणला गेलेला असतो. माणूस म्हणजे रोप नव्हे, हे आम्हालाही समजते. मोठा फरक इतकाच की रोपाला स्वतः दिवा हलवता येत नाही. माणसांना येतो, आणि एकट्याला जड झाला तर चौघांनी मिळून हलवावा.