डोंगराखालची माणसं

इतिहासाच्या तासाला सरांनी एकदा जुन्या मासिकातलं एक छायाचित्र वर्गात फिरवलं होतं, आठवतं? सहा अमेरिकन सैनिक डोंगरमाथ्यावर झेंडा उभारताहेत. इवो जिमा बेट, सुरिबाची डोंगर, २३ फेब्रुवारी १९४५. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, डोंगराखाली कोण होतं?" तेवढ्यात घंटा झाली. निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा कुठे मी उत्तर शोधलं.

डोंगराखाली जपानची १०९वी डिव्हिजन होती. मे १९४४मध्ये त्या भागातल्या बेटांवरच्या तुकड्या एकत्र करून ती उभी केली होती. पुष्कळ जण उशिरा भरती झालेले, पोक्त, मुलाबाळांचे बाप. सेनापती जनरल कुरिबायाशी अमेरिकेत राहून आलेले. त्या देशाशी युद्ध नको, हे त्यांचं मत. तरी जूनमध्ये ते या बेटावर उतरले आणि सोयीच्या चिचिजिमा बेटावर न राहता इथेच राहिले.

बेट जेमतेम एकवीस चौरस किलोमीटर. नदी नाही, ओढा नाही. प्यायला साठवलेलं पावसाचं पाणी. जमीन गंधकाची, आतून तापलेली. भुयारं खणताना माणूस काही मिनिटांतच बाहेर यायचा, मग दुसरा आत. असं करत सुमारे अठरा किलोमीटर भुयारं खणली. बेभान होऊन शत्रूवर तुटून पडत मरायचं नाही, असा कुरिबायाशींचा हुकूम होता. आत राहा, मरण्याआधी प्रत्येकाने दहा जण मारा. मरण लांबवायचं, एवढाच बेत. मला तो शौर्यापेक्षा क्रूर वाटतो, आणि तो आखणारा माणूस मात्र क्रूर वाटत नाही. घरी लिहिलेल्या पत्रात त्याला रुखरुख कसली, तर स्वयंपाकघरात फटीतून गार वारा येतो, ते काम निघण्यापूर्वी करायचं राहून गेलं याची!

अमेरिकन सैन्य १९ फेब्रुवारीला उतरलं. पाच दिवसांत आटपेल असं वाटलेली लढाई छत्तीस दिवस चालली. सुमारे एकवीस हजार जपान्यांपैकी हजारेक जिवंत हाती लागले. अमेरिकेचेही जवळजवळ सात हजार गेले. भुयारात लपलेले शेवटचे दोघे जानेवारी १९४९मध्ये बाहेर आले.

कुरिबायाशींचा देह सापडला नाही. दहा हजारांहून अधिक सैनिकांचे अवशेष आजही त्या बेटावरच आहेत.