पाठीवरचे ओझे

पायी हिंडणाऱ्या माणसाची वळकटी आणि राहुटी हलकी कशी होत गेली, हा आमचा आजचा विषय आहे. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. डोंगरात हिंडण्याचा शौक ज्यांना आहे त्यांनी आपल्या पिशव्या तोलाव्यात. हमालांच्या कार्यकर्त्याचा त्याच्याशी काय संबंध? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला पुस्तकात सापडण्यापूर्वी रस्त्यावर सापडले. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या भागातील कामगारांचा एक पायी मोर्चा निघाला होता. आठ दिवसांची चाल होती. आम्ही तेव्हा तरुण होतो आणि नव्यानेच पुढारी झालो होतो. आमच्याजवळ दोन गोधड्या, उशी, मच्छरदाणी, कपडे आणि वाचण्यासाठी घेतलेली जाडजूड पुस्तके, अशी एक भलीथोरली वळकटी होती. पहिल्या दिवशी दुपारीच एका हमाल बांधवाने ती आपणहून डोक्यावर घेतली आणि आम्ही ती घेऊ दिली. तिसऱ्या रात्री तो हसत म्हणाला, “भाऊ, ह्यात दगड भरलेत का हो?” दुसऱ्या दिवशी वाटेतल्या एका किराणा दुकानाच्या काट्यावर आम्ही ती टाकली. एकोणीस किलो भरली. त्याचे स्वतःचे सामान म्हणजे एक घोंगडी, एक धोतर आणि भाकरीचे फडके. ते तीन किलोही भरले नाही. त्यातली घोंगडी थंडीत पांघरूण होती, पावसात खोळ होती आणि रात्री अंथरूण होती. ओझे कमी करावे हा विचार आम्हांला तीन दिवसांत एकदाही शिवला नव्हता, कारण ओझे आमच्या डोक्यावर नव्हतेच. वजनाविरुद्ध भाषणे करणारे आम्ही, आणि आमचेच वजन दुसऱ्याच्या मानेवर!

त्या दिवसापासून या गोष्टीचा इतिहास मिळेल तेथून वाचण्याचा आम्हांला नाद लागला. शाळा लवकर सुटली असल्यामुळे आमचे वाचन रद्दीच्या दुकानापासून सार्वजनिक वाचनालयापर्यंत जेथे मिळेल तेथे झाले आहे. त्या वाचनातून एकच गोष्ट आम्हांला पटली आणि तीच आज मांडावयाची आहे. ओझे ज्याच्या पाठीवर असते, तोच ते हलके करण्याची युक्ती शोधतो.

प्रथम उलट बाजू पाहू. एडवर्ड व्हिंपर हा लंडनचा लाकडावर चित्रे कोरणारा कारागीर. १८६० साली एका प्रकाशकासाठी चित्रे काढण्याकरिता तो आल्प्स पर्वतात गेला आणि पुढे १८६५ साली मॅटरहॉर्न शिखरावर पोहोचणाऱ्या पहिल्या तुकडीत होता. त्याने डोंगरासाठी एक तंबू तयार केला. चार माणसे झोपतील असा, जमिनीवरचे कापड भिंतींना शिवून टाकलेला, वाऱ्यात न उलथणारा. तंबू खरोखरच चांगला होता आणि पुढे अनेक वर्षे गिर्यारोहकांनी त्याचे अनुकरण केले. त्याचे वजन मात्र सुमारे तेवीस पौंड, म्हणजे साडेदहा किलो होते. हा तंबू वर कोण नेत असे? ब्रॉय गावचा लुक मेने नावाचा पाठीला कुबड असलेला एक गरीब माणूस. व्हिंपरने आपल्या १८७१ सालच्या ग्रंथात मेनेचे नाव मायेने आणि आदराने घेतले आहे, हे त्याच्या मोठेपणाचेच लक्षण होय. पण मेनेच्या कुबडावरचे तेवीस पौंड अठरा कसे होतील, याची निकड त्याला पडली नाही. व्हिंपर स्वतः हाताने काम करणारा होता, तरीही नाही. म्हणजे नुसते कारागीर असून भागत नाही. ओझे आपल्या खांद्याला काचावे लागते.

आता अमेरिकेत चला. तेथे अ‍ॅडिराँडॅक नावाचा तळ्यांचा आणि जंगलांचा प्रदेश आहे. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे जाताना होडी पाण्याबाहेर काढून खांद्यावरून न्यावी लागते. श्रीमंत हौशी लोक त्यासाठी वाटाडे ठेवीत. होडी वाटाड्याने वाहावयाची, बिछानाही त्यानेच. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स (१८२१ ते १८९०) यास हे परवडणारे नव्हते. बापाकडून शिकलेला जोडे शिवण्याचा धंदा, बाराव्या वर्षी मासेमारीच्या गलबतांवर काम, पुढे देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावरची सफर, असे त्याचे आयुष्य. उंचीने ठेंगणा, अंगाने किरकोळ, त्यात छातीचा आजार. १८८३ साली, साठी उलटल्यावर, त्याने जे. हेन्री रश्टन या होड्या बांधणाऱ्याकडून नऊ फुटांची, साडेदहा पौंडांची होडी करवून घेतली आणि तिच्यातून दोनशे सहासष्ट मैलांचा प्रवास केला. होडी, कपडे, घोंगडीची पिशवी, दोन दिवसांचा शिधा, लहान कुऱ्हाड आणि गळ मिळून त्याचे ओझे सव्वीस पौंडांवर, म्हणजे बारा किलोंवर, कधी गेले नाही. ‘नेसमुक’ या नावाने लिहिलेल्या १८८४ सालच्या ‘वुडक्राफ्ट’ या पुस्तकात साध्या कापडाला चुना आणि तुरटीच्या पाण्यात भिजवून पाऊस कसा अडवावा, हेही त्याने सांगितले आहे. ज्याला वाटाड्या ठेवता येत नाही अशा माणसासाठी हे पुस्तक लिहिलेले आहे, हे त्याच्या पानापानांवर दिसते.

नेसमुकनंतर काही वर्षांनी इंग्लंडात टॉमस हायराम होल्डिंग हे नाव पुढे आले. हा लंडनचा शिंपी. १८९७ साली तो काही मित्रांसह सायकलीवर तंबू लादून आयर्लंडात हिंडला आणि पुढल्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिले. १९०१ साली त्याने सायकलवरून तळ ठोकीत फिरणाऱ्यांची संघटना काढली. आज इंग्लंडात तंबू आणि गाड्या घेऊन फिरणाऱ्यांची जी मोठी संस्था आहे, तिचे मूळ या संघटनेत आहे. शिंप्याने तंबूकडे शिंप्याच्या नजरेने पाहिले. कॅनव्हासच्या जागी त्याने तलम रेशीम वापरले. शिवण कोठे दुहेरी घ्यावी आणि ताण कोठे येतो हे तो जाणत होता. १९०८ साली निघालेल्या ‘द कँपर्स हँडबुक’ या त्याच्या ग्रंथात तंबू घरी कसा बेतावा आणि शिवावा हे दिलेले आहे. हे कसब त्याने दडवून ठेवले नाही, याचे आम्हांला विशेष वाटते. सुट्टी मोजकी, खिसा मोजका, वाहन म्हणजे आपलेच पाय. अशा माणसाला गावाबाहेरची मोकळी हवा त्यामुळे मिळू शकली.

आपल्या हिमालयातलेही एक उदाहरण आहे. १९३४ साली एरिक शिप्टन आणि एच. डब्ल्यू. टिलमन हे दोघे इंग्रज आंगथार्के, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांसह ऋषिगंगेच्या भयंकर घळीतून नंदादेवीच्या पायथ्याच्या अंतर्भागात शिरले. त्याआधी तेथे कोणी पोहोचल्याची नोंद नव्हती. मोठ्या लवाजम्याच्या मोहिमांचा तो काळ होता. या दोघांनी सामान छाटले, शेर्पांबरोबर तेच अन्न खाल्ले आणि स्वतःच्या पाठीवरही ओझी घेतली. साहेबाच्या पाठीवर ओझे आले की यादीतल्या कितीतरी वस्तू आपोआप गळतात, हे त्यांच्या मोहिमेने दाखविले. उलट १९५३ सालच्या एव्हरेस्टच्या यशस्वी मोहिमेत साडेतीनशेहून अधिक हमाल होते. त्या यशाची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. पण यश मोजताना त्या पाठीही मोजल्या पाहिजेत.

या इतिहासातले आमचे सर्वांत आवडते पात्र एक आजीबाई आहेत. ओहायोतील एमा गेटवुड. अकरा मुलांची आई, शेतावर राबलेली, नवऱ्याचा मार सोसून शेवटी काडीमोड घेतलेली. मे १९५५ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्या अ‍ॅपलेशियन वाटेवर एकट्या निघाल्या आणि १४६ दिवसांत सुमारे २,०५० मैल, म्हणजे ३,३०० किलोमीटर चालून सप्टेंबरात कटाडिन पर्वतावर पोहोचल्या. ती संपूर्ण वाट एकाच हंगामात एकट्याने चालणारी ती पहिली स्त्री. जवळ तंबू नव्हता, झोपण्याची पिशवी नव्हती. जाड्याभरड्या कापडाची घरी शिवलेली झोळी खांद्यावर, तीत एक ब्लँकेट आणि न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. पायात कापडी बूट. त्या पडद्याखाली आजीबाई पाऊस काढीत. हे वाचले तेव्हा आम्हांला आमच्या हमाल बांधवाची घोंगडी आठवली.

एकोणीसशे नव्वदनंतर रे जार्डिन या अमेरिकन माणसाने या सर्व अनुभवाला शास्त्राची बैठक दिली. तो विमानविद्येतला अभियंता. पण मेक्सिकोपासून कॅनडापर्यंतची सव्वाचार हजार किलोमीटरची वाट पत्नीसह स्वतः ओझे घेऊन चालला आणि सामानही घरच्या शिवणयंत्रावर शिवले. त्याचा विचार समजण्यास सोपा आहे. ऊब कापडात नसते, पिसांत किंवा कापसात अडकलेल्या हवेत असते. झोपण्याच्या पिशवीचा खालचा भाग अंगाखाली चेपला की ती हवा निघून जाते. मग तो भाग वाहून नेण्यात अर्थ काय? तो कापून टाका, वर दुलई घ्या आणि खाली पातळ गादी घाला. तंबूचे दुहेरी कापड, दांडे आणि तळ सोडा. वर ताडपत्री ताणा. निवारा आणि बिछाना हलके झाले की पिशवीला जड सांगाडा लागत नाही, पिशवी हलकी झाली की जाड बूट लागत नाहीत. अन्नपाणी वगळून दहा पौंडांच्या आत सामान ठेवता येते, हे त्याने दाखविले. अर्थात या युक्तीलाही मर्यादा आहेत. डासांच्या दलदलीत किंवा झाडे संपतात त्या उंचीवरच्या वादळी वाऱ्यात ताडपत्रीचा भरवसा धरू नये. हलकेपणाच्या नादात थंडीने गारठणे हे शहाणपण नव्हे.

पुढे बाजाराने हा विचार उचलला. शर्यतीच्या गलबतांच्या शिडांसाठी निघालेल्या कापडाचे तंबू आज मिळतात. ते तळहातावर मावतात आणि त्यांची किंमत ऐकून हमालाला दोन महिन्यांची मजुरी आठवावी! जोडे शिवणाऱ्याने, शिंप्याने आणि शेतकरीणबाईने गरजेपोटी शोधलेला हलकेपणा श्रीमंतांच्या दुकानात जाऊन बसला. परंतु ताडपत्री, दुलई आणि सुई-दोरा आजही कोणालाही घेता येतात, हे विसरू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जो स्वतःसाठी चालतो, तो आपले ओझे आपण उतरवू शकतो. ज्याचे पोट दुसऱ्याचे ओझे वाहण्यावर आहे, त्याचे काय? तेथे युक्ती पुरत नाही, संघटना आणि कायदा लागतो. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका माणसाने वाहावयाच्या कमाल वजनाचा करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी पंचावन्न किलोंची मर्यादा सुचविली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला आणि पाठीवर ओझी वाहणाऱ्याला नोंदणी आणि मंडळ मिळाले. २००१ साली पेरू देशाने इंकांच्या जुन्या वाटेवर प्रवाशांचे सामान नेणाऱ्या हमालांच्या ओझ्यावर वीस किलोंची मर्यादा घातली. तेव्हा कुठे तिकडच्या व्यवस्थापकांना तंबूचे आणि भांड्यांचे वजन करणे भाग पडले. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढणारी माणसे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. ‘पोते लहान करा’ ही मागणी तेव्हा व्यापाऱ्यांना हास्यास्पद वाटे. पुढे पन्नास किलोचे पोते आले आणि व्यापार काही बुडाला नाही.

म्हणून जे तरुण सह्याद्रीत किंवा हिमालयात जातात त्यांस एवढीच विनंती आहे. निघण्याच्या आदल्या रात्री आपले सामान काट्यावर ठेवा. नंतर ते स्वतःच्या खांद्यावर घेऊन घराभोवती अर्धा तास फिरा. वाटेत दुसरा कोणी उचलणार असेल, तरीही फिरा. नको असलेले सामान त्या अर्ध्या तासात कळते. आम्हांला ते कळण्यास तीन दिवस आणि दुसऱ्याची मान लागली. चौथ्या दिवशी आम्ही पुस्तके, उशी आणि एक गोधडी त्या किराणा दुकानात ठेवली आणि उरलेली वळकटी स्वतः उचलली. उरलेली चाल आम्ही त्या हमाल बांधवाच्या बरोबरीने केली. रात्री थंडी वाजली तेव्हा त्याने आपल्या घोंगडीचे अर्धे टोक आमच्या अंगावर टाकले. त्या घोंगडीचे वजन आम्ही पुढे कधी केले नाही.